जनावराने खाल्ले ते आपण खाल्ले



मलकापूरहून नागपूरकडे निघालेली गाडी नांदुरा, जलंब ही स्टेशने घेत शेगावला पोचते. गजानन महाराजांच्या दर्शनाला आपल्या तालुक्यातली माणसे याच वाटेने जातात. त्याच शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये एक विलक्षण प्रकार घडला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून माणसांचे केस गळू लागले. डोक्यावरून हात फिरवावा तो केसांचा पुंजका हातात यावा, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडावे! पोरे, बाया, म्हातारी माणसे, कोणालाच त्याने सोडले नाही. पाहता पाहता अठरा गावांतून २७९ जणांची नोंद झाली. लाजेपायी मुली शाळा-कॉलेजात जाईनाशा झाल्या.

पहिला संशय आला तो पाण्याचा. मग साबणाचा, शाम्पूचा, बुरशीचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने घेऊन गेले. पुढे विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर माहीत झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या गावांत जाऊन तपास केला. रोग्यांच्या रक्तात त्यांना सेलेनियम नावाचे द्रव्य नेहमीच्या मानाने ३५ पट आढळले, लघवीत ६० पट आणि केसांत तर १५० पट. स्वस्त धान्य दुकानातून मिळालेला गहू त्यांनी तपासून घेतला, तेव्हा एका किलोत १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. हा गहू पंजाबकडून आलेला, असे त्यांचे म्हणणे. गहू धुऊन पुन्हा तपासला तर १३.६१ मिलिग्रॅम! म्हणजे धुण्याने फरक पडला तो नाममात्र.

शिक्षक बंधूंनी आणि भगिनींनी एक सोपे गणित वर्गात घालून पाहावे. एका माणसाने दिवसाकाठी ३०० ग्रॅम अशा गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात सेलेनियम गेले किती? सुमारे ४.३५ मिलिग्रॅम. आणि मोठ्या माणसाला दिवसाला सोसवेल अशी मर्यादा मानली जाते ०.४ मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ अकरा पट झाले. घरातल्या बाईने गहू निवडला, पाखडला, धुतला, वाळवला. तिने काही म्हणता काही कमी केले नव्हते. पण हे विष सुपात राहत नाही आणि पाण्याबरोबर वाहूनही जात नाही.

आता कोणी म्हणेल, आजच्या भाषणाचा विषय मटण आणि जड धातू, आणि तुम्ही तर गव्हाचे पुराण लावले! पण मंडळी, थोडे थांबा. सेलेनियम हा काही शिशासारखा पक्का जड धातू नव्हे. तो अर्धधातू आहे आणि अगदी कणभर तर शरीराला तो लागतोच. परंतु त्याची चाल मात्र जड धातूंचीच. शिवाय ज्या पंजाबचे नाव आले, तिथली एक जुनी हकिगत आहे. होशियारपूर आणि नवांशहर या भागात काही जमिनींत सेलेनियम फार आहे. तिथला चारा खाऊन गाई-म्हशींचे केस झडत, खूर सैल होऊन गळून पडत. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हे पूर्वीच लिहून ठेवले आहे. इकडे शेगावच्या गावांत केसांपाठोपाठ एप्रिल २०२५ मध्ये काही माणसांची नखेही खराब होऊन गळू लागली. केस, नख आणि खूर हे तिन्ही एकाच जातीच्या द्रव्याचे बनलेले. तेव्हा पंजाबातल्या जनावरांनी जे आधी भोगले, तेच आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी मागून भोगले, असे म्हणायला हरकत नाही.

आजच्या भाषणात मला सांगायचे आहे ते एवढेच. जनावर आणि माणूस एकाच मातीवर, एकाच पाण्यावर जगतात. जनावराने जे खाल्ले, ते आज ना उद्या आपल्या ताटात येते.

जड धातू म्हणजे तरी काय? शिसे, कॅडमियम, पारा ही त्यांतली मुख्य नावे. सोमल, म्हणजे आर्सेनिक, हा त्यांचाच भाऊबंद. यांचा आणि रोगजंतूंचा फरक पहिल्यांदा ध्यानात घ्यावा. मटण नासले तर वास येतो, रंग बदलतो, बुळबुळीत लागते. जंतू असले तर चांगले शिजवल्याने मरतात. धातूचे तसे नाही. त्याला वास नाही, चव नाही आणि तो मरत नाही, कारण तो जिवंत नव्हताच. मीठ-हळद लावून ठेवा, वाफेवर शिजवा, रात्रभर चुलीवर ठेवा. जितका होता तितका रश्श्यात राहतो. खाटकाच्या दुकानातले मटण डोळ्याला तांबडे लाल, ताजे दिसत असले, तरी धातूच्या बाबतीत त्या ताजेपणाची साक्ष काही कामाची नाही.

हा धातू जनावराच्या अंगात जातो कुठे, तेही पाहू. चाऱ्यातून, पाण्यातून, चाटलेल्या मातीतून तो पोटात जातो. कॅडमियम मुख्यतः गुर्द्यांत आणि कलेजीत साठते. शिसे कलेजीत, गुर्द्यांत जाते आणि दीर्घकाळ राहते ते हाडांत. नुसत्या मांसात, म्हणजे मांडीच्या किंवा पुठ्ठ्याच्या मटणात, मानाने फार थोडे उतरते. म्हणूनच युरोपातल्या देशांच्या कायद्यात जनावराच्या अवयवाप्रमाणे मर्यादा निरनिराळ्या आहेत. गाय, मेंढी, डुक्कर यांच्या मांसात किलोमागे कॅडमियम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, कलेजीत ०.५ पर्यंत आणि गुर्द्यात १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे मांसाच्या वीस पट! आपल्या हिशेबात सांगायचे तर मांसाची मर्यादा म्हणजे दोनशे क्विंटलांत एक ग्रॅम. इतक्या बारीक मापाची गोष्ट डोळ्याने कशी कळणार? आपल्या देशातही २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे, आणि २०११ च्या नियमांत या धातूंच्या मर्यादा घालून दिलेल्या आहेत. पण मर्यादा कागदावर असते आणि शेळी बांधावर चरते, हे विसरून चालणार नाही.

जनावर जितके म्हातारे, तितका त्याच्या गुर्द्यात साठा जास्त. माणसाचेही तेच. कॅडमियम एकदा आपल्या मूत्रपिंडात बसले, की ते निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. शिसे हाडांत गेले की दशकेच्या दशके तिथे मुक्काम करते. गरोदर बाईच्या हाडांतले शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोचते. आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची जी बाधा होते, ती पुढे भरून येत नाही. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. २०२० साली युनिसेफने एक अहवाल काढला. जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे असावे, असा त्यात अंदाज आहे. शिक्षकांनी याचा विचार जरूर करावा. वर्गातले एखादे मूल पाठ धरत नाही, चिडचिडे आहे, म्हणून आपण त्याला मठ्ठ म्हणतो. कारणे पुष्कळ असतात, परंतु अन्नातून गेलेले शिसे हेही त्यांपैकी एक असू शकते. त्या पोराला छडीचा काय उपयोग?

जगात हे पूर्वी घडून गेले आहे. जपानात मिनामाता नावाचे कोळ्यांचे गाव. तिथल्या रासायनिक कारखान्याचे पारामिश्रित पाणी खाडीत सोडले जाई. शेवाळातून लहान मासळीत, लहान मासळीतून मोठ्या मासळीत असा पारा चढत गेला. आधी मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली. मांजरांचे कोणी मनावर घेतले नाही. १९५६ साली माणसांचा रोग उघडकीस आला, तोवर पुष्कळ उशीर झाला होता. त्याच जपानात जिंझू नदीच्या काठी खाणीचे कॅडमियम भातशेतीत उतरले, आणि बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्याने बरगडी मोडावी. त्या रोगाचे नावच ‘दुखते, दुखते’ अशा अर्थाचे पडले.

दुसरी गोष्ट आपल्या शेतकरी बांधवांना अधिक जवळची वाटेल. १९८९ साली ब्रह्मदेशातून निघालेला भाताचा कोंडा पशुखाद्यासाठी हॉलंडला आणि इंग्लंडला गेला. त्यात शिसे मिसळलेले होते. जनावरे आजारी पडली, काही दगावली, आणि शेकडो गोठ्यांतले दूध-मांस विक्रीला बंद करावे लागले. गोठेवाल्यांनी काय गुन्हा केला होता? त्यांनी फक्त पोते उघडून घमेल्यात ओतले. शेगावचा गहू आणि हा कोंडा यांची जात एकच. दुरून आलेल्या पोत्यातून विष आले आणि भोगले ते शेवटच्या माणसाने.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे जनावराच्या पोटात शिसे जाण्याची सर्वांत सोपी वाट कोणती, ठाऊक आहे? जुनी बॅटरी. ट्रॅक्टरची, मोटारीची, घरातल्या इन्व्हर्टरची. बॅटरी फुटते, कोणी ती उकिरड्यावर टाकतो, कोणी गोठ्यामागे ठेवून देतो. आतल्या शिशाच्या पट्ट्यांची चव गुरांना खारट-गोडसर लागते, आणि वासरू ती चाटत बसते. जुना रंग खरवडलेला पत्रा, जळके इंजिन-ऑइल, भंगार जाळल्याची राख, यांचेही तसेच. शिसे बाधलेले जनावर दात खाते, डोळ्यांनी दिसेनासे होऊन भिंतीवर धडकते, लटपटते, झटके येऊन पडते. पुष्कळ वेळा लोक म्हणतात, साप चावला, नाहीतर नजर लागली. आणि मग, मंडळी, इथे खरी परीक्षा आहे. जनावर मरणार असे दिसले की चार पैसे तरी सुटावेत म्हणून ते घाईने विकण्याचा मोह होतो. बैल-म्हैस गेली की घर बसते, हे मी जाणतो. पण ते मटण कोणाच्या तरी पोराच्या ताटात जाणार आहे. गाव आपलेच आहे, पोरही आपलेच.

अशा वेळी पहिले काम म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी देणे. जनावर वाचले, तरी त्याच्या रक्तात शिसे कित्येक महिने राहते, दुधातही उतरते. ब्रिटनमध्ये असे जनावर निदान १६ आठवडे खाटकाकडे जाऊ देत नाहीत. आपणही डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय त्याचे दूध घरात आणू नये आणि ते बाजारात नेऊ नये. मेलेच तर खोल पुरावे. निकामी झालेली बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. त्या बदल्यात चार रुपयेही मिळतात. भंगारवाल्याला घरामागे बॅटरी फोडू देऊ नये. फुटलेल्या बॅटरीचे शिसे त्या मातीत आपल्या नातवापर्यंत राहते.

रस्त्याकडेच्या चाऱ्याचेही असेच आहे. मलकापूर हे मोठ्या हमरस्त्यावरचे गाव. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. ते आपल्या देशात २००० सालापासून बंद झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. तथापि जुने शिसे मातीत तसेच टिकते. म्हणून शेळ्या-मेंढ्या हमरस्त्याच्या अगदी कडेला, गॅरेजच्या मागे किंवा गावाच्या गटारावर वाढलेल्या गवतात चारू नयेत. बांधावरचा, शेतातला चारा बरा. पेंड, कोंडा, खनिज मिश्रण विकत घेताना ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन आणि भारतीय मानकाची खूण पाहून घ्यावे. सुटे, बेनावाचे मिश्रण स्वस्त पडते, हे खरे. पण त्यात काय कालवले आहे ते कोण सांगणार?

पाण्याचा प्रश्न आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात जुना आहे. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी खारे, हे शेंबडे पोरही सांगेल. खारटपणा जिभेला कळतो, शिसे-कॅडमियम कळत नाहीत. डॉ. बावसकरांनीच २०१० साली महाराष्ट्रातल्या एका लहान खेड्यातले मूत्रपिंडाचे रोगी आणि तिथल्या पिण्याच्या पाण्यातले जड धातू यांचा संबंध मांडला होता. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याची जी पेटी असते, तिच्यात क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांसारख्या गोष्टी पाहता येतात. शिशासाठी मात्र नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. ग्रामसभेत तसा ठराव करून मागणी करावी. माणसांच्या विहिरीबरोबर गुरांच्या हाळाचेही पाणी तपासायला सांगावे.

चूल पेटल्यानंतरही थोडी काळजी हवी. पितळेच्या पातेल्यात मटण करण्याची ज्या घरी रीत आहे, तिथे कल्हई नीट पाहून घ्यावी. कल्हई म्हणजे कथील. कथील महाग, शिसे स्वस्त, आणि दोन्ही पांढरेशुभ्र दिसतात. शिसे मिसळलेल्या कल्हईवर दही, चिंच, टोमॅटो घातलेला रस्सा शिजला की आंबटपणाने शिसे त्यात उतरते. कल्हईवाला ओळखीचा असावा. शंका असेल तर रस्सा पोलादी भांड्यात करावा. भंगार वितळवून ओतलेली अॅल्युमिनियमची स्वस्त भांडीही आंबटासाठी वापरू नयेत. मटणाला चोळायची हळद फार झगझगीत पिवळी दिसली तर हुरळून जाऊ नये. तिच्यावर शिशाचा पिवळा रंग चढवण्याची लबाडी काही ठिकाणी चालते. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के हळदीत असा रंग निघाला होता. सरकारने धाडी घातल्या, दंड केला, लोकांना समजावले. २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. बघा, मनावर घेतले तर दोन वर्षांत होते!

तेव्हा मटण खाऊ नये काय? तसे मुळीच नाही. आपल्याकडच्या पोरीबाळींच्या अंगात रक्त कमी, आणि कलेजीसारखे लोह देणारे अन्न दुसरे थोडेच. शिवाय अंगात लोह कमी असले की शिसे आणि कॅडमियम अधिक शोषले जाते. म्हणून कलेजी टाकू नका. ती कोवळ्या जनावराची घ्यावी, आठवड्यातून एखादे वेळी खावी. गुर्दे मात्र क्वचितच, आणि म्हाताऱ्या जनावराचे तर नकोच. रोहू, कटला हे वनस्पती आणि बारीक जीव खाणारे मासे. मोठ्या शिकारी माशांच्या मानाने त्यांत पारा कमी असतो. खाटकाने जनावर कोठून आणले, त्याचे वय काय, हे विचारण्यात गिऱ्हाइकाने संकोच करू नये आणि खाटकानेही राग मानू नये. चांगला खाटीक हे अभिमानाने सांगेल.

शाळांना एक काम सुचवून मी पुरे करतो. प्रत्येक वर्गाने आपापल्या वाडीत फिरून एक साधी यादी करावी. जुन्या बॅटऱ्या कुठे पडल्या आहेत, गुरे कुठे पाणी पितात, शेळ्या कुठे चरतात, भंगार कुठे जाळतात. मुलांनी त्याचा नकाशा काढून शाळेच्या भिंतीवर लावावा आणि सरपंचांना बोलावून दाखवावा. याला प्रयोगशाळा लागत नाही, पैसा लागत नाही. आणि गावात एखादे जनावर अकारण आंधळे झाले, खूर गळले, एकामागून एक वासरे दगावली, तर ती बातमी दवाखान्यापर्यंत पोचवण्याचे काम मुलांइतके चपळाईने कोणी करणार नाही.

शेगावच्या त्या माणसांपैकी पुष्कळांचे केस काही आठवड्यांनी पुन्हा उगवू लागले. केस पुन्हा येतात, बरं का. पण शिशाने दुखावलेला पोराचा मेंदू आणि कॅडमियमने झिजलेले मूत्रपिंड पुन्हा येत नाही. म्हणून चूल पेटवण्याआधी गव्हाणीकडे आणि हाळाकडे एक नजर टाकावी, इतकेच आपल्याला सांगणे.